आधी ओळख, मग कर्ज: ठाणे-नवी मुंबईतल्या पथविक्रेत्यांसाठी नोंदणी, स्वनिधी आणि माल उचलला तर काय करायचं

जांभळी नाक्यावरची भाजीची पथारी, कोपरखैरण्यातल्या मावशींची मासळीची पाटी, रबाळे एमआयडीसीत जेवणाच्या सुट्टीत गेटसमोर लागणारी वडापावची गाडी. या माणसांनी कोणाकडे नोकरी मागितली नाही. स्वतःचा रोजगार स्वतः उभा केला आणि त्यावर घर चालवलं. सरकारी धोरणात त्यांच्यासाठी दोन मोठ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे २०१४ चा पथविक्रेता कायदा, जो धंदा करण्याचा हक्क मान्य करतो. दुसरी म्हणजे १ जून २०२० पासून सुरू झालेली पीएम स्वनिधी योजना, जी बिनतारण भांडवल देते.

कर्जाच्या शिबिराला लोक सकाळपासून रांग लावतात, पण महापालिकेने केलेल्या पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाच्या यादीत आपलं नाव आहे की नाही हे बघायला वॉर्ड ऑफिसात फारसं कोणी जात नाही. मला हा क्रम उलटा वाटतो. पंधरा हजारांचं कर्ज वर्षभरात फिटतं, यादीतलं नाव मात्र पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडतं. आणि ते नाव धंद्यावर प्रत्यक्ष बसणाऱ्या व्यक्तीचं असावं, म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या बाईचं. मोबाईलवर हे वाचणारे बहुधा तिची मुलं-मुली असतील, म्हणून पुढचं सगळं तुम्हाला उद्देशून लिहिते आहे.

पहिली पायरी: जागा कोणाची आहे ते शोधा

आपल्या भागात हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागतो, कारण एकाच चौकात चार मालक असू शकतात. ठाणे स्टेशनच्या हद्दीतली जमीन रेल्वेची. पथविक्रेता कायदा रेल्वेच्या मालकीच्या जमिनीला आणि गाड्यांना लागूच होत नाही, हे कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे. तिथे बसणाऱ्याला महापालिकेचं पथविक्रीचं प्रमाणपत्र दाखवून उपयोग नाही. नवी मुंबईत काही भूखंड सिडकोचे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले औद्योगिक रस्ते एमआयडीसीचे, बाकीचे रस्ते महापालिकेचे. कारवाई करायला आलेलं पथक कोणाचं, हे यावरून ठरतं. अर्ज कुठे द्यायचा हेही यावरूनच ठरतं.

दुसरी गोष्ट अंतराची. मुंबई उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या निकालानुसार रेल्वे स्थानक आणि महापालिका मंडईपासून १५० मीटर, तर शाळा-कॉलेज, रुग्णालय आणि प्रार्थनास्थळापासून १०० मीटरच्या आत फेरीचा धंदा करता येत नाही. निकाल मुंबईच्या प्रकरणात आला, तरी ठाण्यातही हेच अंतर धरून कारवाई होते. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली किंवा स्टेशन रोडच्या तोंडाशी बसणाऱ्याला कोणी ‘पैसे भर, जागा पक्की करून देतो’ असं सांगत असेल, तर ते पैसे बुडाले असं समजा. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं धंदा केला असेल तर मागणी पर्यायी जागेची करावी.

दुसरी पायरी: पुरावे गोळा करा, दंडाच्या पावत्यासुद्धा

‘आम्ही वीस वर्षं इथेच बसतो’ हे तोंडी सांगणं कोणत्याही टेबलावर टिकत नाही. घरात शोधाशोध करून एक फाईल तयार करा. त्यात काय काय चालतं, हे बघा.

महापालिकेने कधी रोजची बाजार फी घेतली असेल तर तिच्या पावत्या. दंड भरला असेल तर त्याची पावती. ही पावती लोक रागाने फाडून टाकतात, आणि तिथेच मोठं नुकसान होतं. त्या तारखेला, त्या जागी, ही व्यक्ती धंदा करत होती हे त्या कागदावर खुद्द महापालिकेनेच लिहून दिलेलं असतं. यापेक्षा भक्कम पुरावा मिळणं कठीण. जुन्या परवान्याची झेरॉक्स, संघटनेचं सदस्यत्व कार्ड, तुर्भ्याच्या एपीएमसीतून माल घेतल्याची बिलं, लॉकडाऊनमध्ये पथविक्रेता म्हणून काही मदत मिळाली असेल तर तिचा कागद, धंद्याच्या जागेचे जुने फोटो, हे सगळं एकत्र ठेवा. आपण कागद गोळा करत नाही, कारण रोजचा दिवस ढकलण्यातच सगळा जीव जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे काम मुलांनी हातात घ्यावं. रविवारच्या एका दुपारी होतं. प्रत्येक कागदाचा फोटो काढून मोबाईलमध्येही ठेवा.

याच फाईलमध्ये आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि महाराष्ट्राचा अधिवास दाखला हवा. अधिवास दाखला ऐन वेळी मिळत नाही. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून तो आधीच काढून ठेवा. आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे ना, हेही आजच तपासा. आईच्या आधारला भावाचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असतो आणि सगळा अर्ज एका ओटीपीवर अडतो, असं फार घरांत होतं.

तिसरी पायरी: यादीत नाव आणि प्रमाणपत्र

कायद्यानुसार महापालिकेने दर पाच वर्षांनी किमान एकदा पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं आहे. सर्वेक्षणात सापडलेल्या सगळ्यांना विक्रीच्या जागांमध्ये सामावून घ्यायचं, प्रमाण वॉर्डाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवू नये, असं कलम ३ सांगतं. हे कलम पाठ करून ठेवा. मात्र रेल्वेची जमीन आणि वर सांगितलेली अंतरं यांच्यापुढे त्याचा आधार घेऊ नका.

प्रत्यक्षात करायचं काय? आपल्या प्रभागाच्या कार्यालयात जा. ठाण्यात नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा, दिवा अशा प्रभाग समित्या आहेत. नवी मुंबईत बेलापूर, नेरूळ, तुर्भे, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा ही विभाग कार्यालयं. तिथे विचारा, ‘पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षण यादीत हे नाव आहे का, आणि असल्यास क्रमांक काय?’ तोंडी उत्तरावर परत येऊ नका. दोन प्रतींत अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही.

नाव असेल तर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मागा. ते देताना विक्रेत्याला लिहून द्यावं लागतं की धंदा तो स्वतः किंवा कुटुंबातल्या माणसामार्फत करेल, त्याला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि प्रमाणपत्र किंवा जागा तो कोणालाही भाड्याने वा विकत देणार नाही. आपल्याकडे जागा रोजाने भाड्यावर देण्याची पद्धत रुळलेली आहे, म्हणून स्पष्ट सांगते: अटी मोडल्या तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. रद्द करण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि त्यावर अपीलही करता येतं, पण भाड्याने दिलेली जागा असेल तर अपिलात सांगण्यासारखं काही उरत नाही.

आता नावाबद्दल. कुटुंबातला कोणीही बसू शकतो म्हणून कागद वडिलांच्या नावाने आणि पहाटे चारला उठून माल आणणारी, दिवसभर उन्हात बसणारी आई, असं चित्र सगळीकडे दिसतं. कायद्याला ते चालतं. मला ते पटत नाही. प्रमाणपत्र तिच्या नावाने असेल तर कर्ज, बँकेतली पत आणि मतदानाचा हक्क तिच्याकडे येतो. प्रमाणपत्रं देताना अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, महिला, अपंग आणि अल्पसंख्याक यांना प्राधान्य द्यावं असं कायद्यातच म्हटलं आहे. धंदा तीच बघत असेल तर घरातल्या वादापेक्षा या हिशेबाकडे बघा.

मतदानाचा हक्क म्हणजे नगर पथविक्रेता समितीचा. आयुक्त तिचे अध्यक्ष असतात, किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात, आणि त्यातल्या एक-तृतीयांश महिला असाव्या लागतात. कुठे बसता येईल, कुठे नाही, पर्यायी जागा कोणती, हे विषय या समितीसमोर येतात. निवडणूक लागली की मतदार यादीत नाव तपासा, आणि घरातली बाई बोलणारी असेल तर तिला उभं करा.

यादीत नाव नसेल तर

सर्वेक्षणाच्या वेळी गावी गेलेले, आजारी असलेले किंवा नंतर धंदा सुरू केलेले अनेकजण यादीबाहेर राहतात. मुरबाड-शहापूरकडून पावसाळ्यात रानभाज्या घेऊन येणाऱ्या बायका तर शहराच्या रहिवासीही नसतात. स्वनिधी योजनेत या दोन्ही गटांसाठी वाट ठेवलेली आहे: महापालिकेचं शिफारसपत्र. आजूबाजूच्या ग्रामीण भागातून येऊन शहराच्या हद्दीत विक्री करणारेही ते मागू शकतात.

शिफारसपत्रासाठी स्वनिधीच्या पोर्टलवर अर्ज करता येतो. जोडायला एकही कागद नसेल तर साध्या कागदावर महापालिकेला विनंती करायची, की प्रत्यक्ष जागेवर येऊन चौकशी करा. त्या दिवशी शेजारचे दुकानदार, सोसायटीचे पदाधिकारी, रोजची गिऱ्हाइकं तुमच्या बाजूने बोलली तर फार मदत होते. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारसपत्राचा निर्णय १५ दिवसांत व्हायला हवा. पंधरा दिवस उलटले की पोच दाखवून विचारणा करा.

चौथी पायरी: स्वनिधीचं कर्ज

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेची फेररचना केली आणि कर्जवाटपाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. पहिलं कर्ज १५,००० रुपयांपर्यंत, ते फेडल्यावर दुसरं २५,००० पर्यंत, मग तिसरं ५०,००० पर्यंत. आधी पहिली दोन कर्जं १०,००० आणि २०,००० पर्यंत होती, त्यामुळे जुनी पत्रकं बघून गोंधळू नका. दुसरं कर्ज वेळेत फेडणाऱ्याला यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड मिळू शकतं. तारण लागत नाही. हप्ते वेळेवर भरले तर वर्षाला ७ टक्के दराने व्याजाचं अनुदान सरकार खात्यात परत जमा करतं. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही.

हिशेब करून बघू. समजा बँकेचा व्याजदर १२ टक्के आहे. १५,००० रुपये १२ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता साधारण १,३३३ रुपये. वर्षाचं एकूण व्याज हजाराच्या आत, आणि त्यातलेही निम्म्याहून जास्त अनुदान म्हणून परत. आता बाजारातल्या ‘डेली’वाल्याचा हिशेब घ्या. हातात ९,००० देतो, कागदावर १०,००० लिहितो, आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये नेतो. वर्षाच्या दराने हे व्याज ७५ टक्क्यांच्या वर जातं. रोज शंभरच द्यायचे म्हणून ते हलकं वाटतं. सकाळी हजार घेऊन संध्याकाळी अकराशे देणाऱ्यांचं तर विचारूच नका. म्हणून पहिलं कर्ज मिळालं की त्यातून आधी डेलीवाल्याचं खातं बंद करावं, असं माझं ठाम मत आहे. नवीन गाडी, मोठी छत्री नंतर.

अर्ज स्वनिधीच्या पोर्टलवर स्वतः, सुविधा केंद्रातून किंवा महापालिकेच्या शिबिरात भरता येतो. सर्वेक्षण क्रमांक, प्रमाणपत्र वा शिफारसपत्र, आधार आणि बँक खातं लागतं. बँक निवडताना जिथे आईचं खातं आधीपासून चालू आहे ती शाखा द्या. अर्ज क्रमांक जपा. मंजुरी झाली असूनही पैसे आले नाहीत तर बहुतेक वेळा काम शाखेत सही राहिल्यामुळे अडलेलं असतं. सकाळच्या धंद्यानंतर दुपारी जाऊन ते उरकून टाका. ‘फॉर्मचे पाचशे’ मागणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. त्याने भरलेल्या अर्जात अनेकदा मोबाईल नंबरही त्याचाच असतो, आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोड कोणाच्या नावाचा आहे? बऱ्याच ठिकाणी तो मुलाच्या खात्याचा असतो. डिजिटल व्यवहारांवर योजनेतून १,६०० रुपयांपर्यंत कॅशबॅक मिळू शकतो, पण व्यवहार कर्जदाराच्या स्वतःच्या खात्यावर व्हायला हवेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वर्षभराची उलाढाल तिच्या खात्यात दिसली, तर उद्या मुद्रा कर्ज मागताना तेच पासबुक तिची पत दाखवतं. मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. कोड बदलायला पैसे लागत नाहीत. संध्याकाळी तिच्या मोबाईलवर पैसे आल्याचा आवाज तिलाच ऐकू येऊ द्या.

पाचवी पायरी: महापालिकेची गाडी आली आणि माल उचलला तर

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण दहा मिनिटांच्या गोंधळात महिन्याची कमाई जाते.

कायद्यातला क्रम असा आहे. एखाद्या जागेवरून विक्रेत्यांना हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. मुदतीनंतरही जागा सोडली नाही तर हटवता येतं, आणि दिवसाला २५० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यानंतर गरज वाटल्यास माल जप्त करता येतो. जप्ती करताना मालाची यादी करून, अधिकाऱ्याची सही असलेली प्रत विक्रेत्याला द्यावीच लागते. तुम्ही परत मागणी केल्यावर, ठरलेलं शुल्क भरून, न नासणारा माल दोन कामाच्या दिवसांत आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत करायचा असतो. हे कलम १९.

म्हणून त्या क्षणी चार गोष्टी करा. हुज्जत किंवा धक्काबुक्की अजिबात नको. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा एकदा दाखल झाला की मालाचा विषय बाजूला पडतो आणि कोर्टाच्या तारखा सुरू होतात. कोणीतरी एकाने शांतपणे मोबाईलवर चित्रण करावं. पथकप्रमुखाला नाव आणि सही केलेली यादी मागावी. यादी मिळाली नाही तर शेजाऱ्यांसमोर स्वतः यादी लिहावी, किलो, नग आणि वेळेसकट, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. मासळी, भाजी, फुलं असतील तर तिथून थेट प्रभाग कार्यालय गाठा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. अर्ज असा लिहा:

*प्रति, मा. सहायक आयुक्त, ______ प्रभाग समिती / विभाग कार्यालय. विषय: उचललेला माल परत मिळण्याबाबत. महोदय, मी ______, राहणार ______. सर्वेक्षण / प्रमाणपत्र क्रमांक ______. आज दि. ______ रोजी ______ वाजता ______ येथून आपल्या पथकाने माझा पुढील माल उचलला: ______. या कारवाईची नोटीस मला मिळाली होती / नव्हती. मालाची सही केलेली यादी मला दिली आहे / दिलेली नाही. माल नाशवंत आहे. पथ विक्रेता (उपजीविका संरक्षण व पथ विक्री विनियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १९ नुसार नियमाप्रमाणे शुल्क घेऊन माल आजच परत करावा, ही विनंती. सही, मोबाईल क्रमांक.*

लागू नसेल ते खोडा. दोन प्रती, एकीवर पोच. शुल्क भरलं की त्याची पावती घ्या. पावतीशिवाय पैसे मागितले तर देऊ नका, आणि कोणी मागितले, किती वाजता, हे लिहून ठेवा.

प्रमाणपत्राच्या अटी पाळून धंदा करणाऱ्याला पोलिसांसह कोणीही अडवू शकत नाही, असं कलम २७ सांगतं. तक्रारींसाठी निवृत्त दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. तिच्याकडे अर्ज करताना वरच्या सगळ्या पोचा जोडा.

बाकीचं, थोडक्यात

ई-श्रम नोंदणी १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी मोफत आहे, ती करून टाका. बँकेत एकदाच संमती दिली की वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा खात्यातून आपोआप चालू राहतो. रहदारीच्या कडेला बसणाऱ्यांनी पहिला तरी चुकवू नये. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी हवी. छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी मोफत आहे, तिचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा.

विक्रेत्याचा मृत्यू झाला, कायमचं अपंगत्व आलं किंवा तो आजारी पडला, तर प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत जोडीदार किंवा अवलंबून असलेलं मूल त्याच जागी धंदा करू शकतं. अशा वेळी दुःखात महिने जातात आणि जागेवर दुसरा बसतो. दाखल्यासह वॉर्ड ऑफिसला लगेच कळवा.

वकिलाची गरज पडली तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. प्रमाणपत्र आईच्या नावाने असेल तर अर्जही तिच्याच नावाने होईल, म्हणून तिला सोबत न्या. आधार, प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र, नोटीस आली असल्यास नोटीस, मालाची यादी आणि पोच असलेले सगळे अर्ज तारखेच्या क्रमाने लावून घ्या. जाण्याआधी १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करून विचारता येतं.